वरण-भाकरीतले विज्ञान आणि कमलाबाई सोहोनी



जून महिना लागला की आपल्या नांदेड-लातूरकडे घरोघरी दोनच विषय असतात : पाऊस आणि प्रवेश. तूर आणि सोयाबीन कधी पेरायचे, आणि मुलामुलींना कुठे घालायचे. मागच्या जूनमध्ये रविवारच्या मिस्सानंतर आपल्यापैकीच एक वडील आमच्याकडे थांबले. मुलगी जीवशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, पुढे संशोधनासाठी तिला बंगळूरला जायचे आहे, पण घरातली मोठी माणसे तयार नाहीत. परके शहर, मुलगी एकटी, प्रयोगशाळेत म्हणे रात्री उशिरापर्यंत काम चालते, आणि लग्नाचे वय थांबत नाही. फादरांनी तिला समजावून सांगावे, अशी त्यांची विनंती होती.

आम्ही तिला काही समजावले नाही. त्या गृहस्थांना मात्र खुर्चीवर बसवून एका बाईंची हकिकत सांगितली. त्या बाई आपल्या धर्माच्या नव्हत्या, मराठवाड्याच्याही नव्हत्या. परंतु आपल्या रोजच्या ताटात जे वरण असते त्याविषयी त्यांनी आयुष्यभर जे काम केले, ते आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. १८ जून हा त्यांचा जन्मदिवस. त्या निमित्ताने तीच हकिकत येथे देत आहोत.

डॉ. कमला सोहोनी या माहेरच्या कमला भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. मराठी साहित्य वाचणाऱ्यांना दुर्गाबाई भागवत हे नाव परिचयाचे आहे. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या आणि पुढे त्यासाठी तुरुंगात गेलेल्या त्याच दुर्गाबाई. कमलाबाई त्यांच्या धाकट्या बहीण. मोठीच्या लेखणीत जे पाणी होते ते धाकटीच्या स्वभावातही होते, हे पुढे दिसेलच.

घर शिकलेले होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून बंगळूरला १९०९ साली जी विज्ञानसंस्था उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत हे दोघे होते. सर्वजण तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. तेव्हा कमलाबाईंनी लहानपणापासून मनात धरले होते की आपणही तेथेच जायचे. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्या १९३३ साली रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या आणि बंगळूरला अर्ज पाठविला.

अर्ज नामंजूर झाला. गुण कमी पडले असे नव्हे, तर अर्ज करणारी मुलगी होती म्हणून.

नकार देणारे होते सर सी. व्ही. रामन. प्रकाशाच्या विकिरणावरील शोधासाठी १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेले, १९३३ साली त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेले, साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान होता असे रामन. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि संचालकांच्या कार्यालयात उभ्या राहिल्या. नकाराचे कारण सांगा, नाहीतर मी येथून हलणार नाही, सत्याग्रह करीन, असा त्यांचा पवित्रा होता. गांधीजींच्या चळवळीचे ते दिवस होते. तरुण मुलीला हा शब्द कोणी शिकवावा लागत नव्हता.

रामन शेवटी राजी झाले, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये. तिसरी अट वाचून आजही चटका बसतो. पुरुषांच्या चित्ताची जबाबदारी त्या एकट्या मुलीवर! कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, परंतु तो अपमान त्या विसरल्या नाहीत. आयुष्याच्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या एका सभेत, रामन जाऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली असताना, त्यांनी तो प्रसंग सर्वांसमोर सांगितला. रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण मनाने फार संकुचित होते, असेच त्यांचे मत होते.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. एखादा मनुष्य थोर असतो म्हणजे तो सर्वच बाबतीत बरोबर असतो असे नाही. हे आपण संतांच्या चरित्रांतही वाचतो, पण पटवून घेताना जड जाते. आम्ही ज्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, तेथे वर्गात बसून आमच्याबरोबर वाद घालणारी एकही स्त्री नव्हती, आणि हे विचित्र आहे असे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही वाटले नव्हते. तेव्हा रामन यांच्याकडे बोट दाखविताना उरलेली बोटे कुठे वळतात तेही पाहिलेले बरे.

एक वर्ष सरले. पहाटे पाचला काम सुरू करून रात्री दहापर्यंत प्रयोगशाळेत राहणारी ही विद्यार्थिनी पाहून रामन यांनी तिला रीतसर प्रवेश दिला, आणि त्यानंतर मुलींसाठी ते दार उघडले. पुढे १९४० साली रामन यांच्याच प्रयोगशाळेत केरळच्या सीरियन ख्रिस्ती कुटुंबातील अ‍ॅना मणी दाखल झाल्या. हवामान मोजण्याची उपकरणे भारतात तयार व्हावीत म्हणून पुण्याच्या वेधशाळेत ज्यांनी पुढे मोठे काम केले, त्याच या अ‍ॅना मणी.

बंगळूरला कमलाबाईंचे गुरू होते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण विद्यार्थिनीला हातचे राखून न शिकवणारे. त्यांनी विषय दिला तो साध्या अन्नातल्या प्रथिनांचा : दूध, डाळी, कडधान्ये. १९३६ साली कमलाबाईंनी विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. मिळविली.

प्रथिन म्हणजे काय, हे आता सांगणे भाग आहे. लातूरच्या शिकवणीत बसणारी मुले हे धडाधडा म्हणून दाखवतील, पण मोठ्या माणसांसाठी आम्ही आमच्या पद्धतीने सांगतो. चुकले तर त्या मुलांनी येऊन दुरुस्त करावे.

प्रथिनाला इंग्रजीत प्रोटीन म्हणतात, ते ग्रीक ‘प्रोटोस’ या शब्दावरून. प्रोटोस म्हणजे पहिला. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये हा शब्द वरचेवर येतो म्हणून आमच्या ओळखीचा. शरीरात पाण्याच्या खालोखाल जे महत्त्वाचे ते हे प्रथिन. स्नायू त्याचेच, केस आणि नखे त्याचीच, रक्तातला लाल पदार्थ त्याचाच, अन्न पचविणारे रसही त्याचेच. आपली जपमाळ जशी मण्यांची, तसे प्रथिन हे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असते. फरक एवढाच की जपमाळेत मोठे मणी आणि छोटे मणी असे दोनच प्रकार, तर प्रथिनाच्या माळेत वीस प्रकारचे मणी. कोणता मणी कोणाच्या शेजारी बसतो यावर ती माळ कशी दुमडणार हे ठरते, आणि दुमडली कशी यावर ती काय काम करणार हे ठरते.

मण्यांचा हा क्रम कोण सांगतो? तो पेशीच्या गाभ्यात लिहून ठेवलेला असतो. आपल्या चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याचे रजिस्टर असते. ते रजिस्टर आम्ही कोणालाही घरी नेऊ देत नाही. शाळेत किंवा लग्नासाठी लागला तर त्यातल्या तेवढ्याच नोंदीचा दाखला उतरवून देतो, आणि तो दाखला बाहेर काम करतो. पेशीतही असेच चालते. मूळ रजिस्टर म्हणजे डीएनए. त्यातली एका कामाची नोंद म्हणजे जनुक, ज्याला मुले जीन म्हणतात. नोंदीची उतरवलेली नक्कल म्हणजे आरएनए. ही नक्कल गाभ्याबाहेर येते, तेथे रायबोसोम नावाचे लहानसे यंत्र ती वाचते आणि एकेक मणी ओवत जाते. लिपी फक्त चार अक्षरांची, शब्द नेहमी तीन अक्षरांचा. असे चौसष्ट शब्द होतात. त्यांपैकी एकसष्ट शब्द कोणता मणी घ्यायचा ते सांगतात आणि तीन शब्द थांबा म्हणतात. या शब्दांचा अर्थ लावण्याच्या कामात एक भारतीय होते, हरगोविंद खुराना. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यासाठी त्यांना विभागून मिळाले.

एका अक्षराची चूक किती महागात पडते हे आपल्या शेजारच्या विदर्भाला विचारावे. सिकलसेल या आजारात रक्तातल्या प्रथिनाच्या माळेत सहाव्या जागी एक मणी बदललेला असतो, बस्स. दोन्ही पालकांकडून ती चुकीची नोंद मुलाकडे आली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, वेदना उठतात, रक्त कमी होते. म्हणून लग्नाआधीच्या तयारीवर्गात आम्ही रक्ततपासणीचा विषय काढतो, तेव्हा कृपया तोंडे वाकडी करू नयेत.

असो. हे सारे आपल्याला आज ठाऊक आहे. कमलाबाई शिकत होत्या तेव्हा यातले जवळजवळ काहीच माहीत नव्हते. जनुकाचा पदार्थ डीएनए आहे हे १९४४ साली पुढे आले, त्याचा दुहेरी गोफ १९५३ साली. म्हणजे रजिस्टर कुठे आहे याचा पत्ता नसताना, केवळ हाती आलेल्या दाखल्यांवरून घराण्याचा शोध घेणारी ही पिढी. सेमिनरीत अ‍ॅरिस्टॉटल शिकताना द्रव्य आणि आकार हे दोन शब्द आम्ही घोकले होते. बियाण्यात झाड आकाररूपाने असते, म्हणजे कसे असते, हे काही त्या वेळी डोक्यात शिरले नव्हते. प्रथिनांविषयी वाचल्यावर थोडे शिरले. अ‍ॅरिस्टॉटलच्या मनात जनुके होती असा दावा मात्र आम्ही करणार नाही.

एम.एस्सी. नंतर कमलाबाई इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तेथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले. त्यांच्या विभागात डेरेक रिख्टर यांनी कमलाबाईंना आपल्या टेबलावर जागा दिली. रिख्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. आणि तेथे त्यांच्या हाती आला तो बटाटा.

प्राणवायू वापरून अन्नातून शक्ती काढण्याचे काम शरीरात सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांच्या साखळीतून होते. केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली या प्रथिनांना ते नाव दिले होते. त्यांतले सायटोक्रोम-सी हे लोह धारण करणारे लहानसे प्रथिन. ते एका हाताने इलेक्ट्रॉन घेते आणि दुसऱ्या हाताने पुढे देते. आग विझवताना पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकवणाऱ्या रांगेतला एक माणूस समजा. कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशींवर काम करून दाखविले की वनस्पतींच्या श्वसनातही हे सायटोक्रोम-सी हजर आहे आणि तेच काम करते आहे. जमिनीखाली गप्प पडून असलेला बटाटा आणि त्याची भाजी खाणारे आपण, दोघेही एकाच रीतीने श्वास घेतो.

पुढे या प्रथिनाची मोठी गंमत झाली. १९६० नंतर निरनिराळ्या प्राण्यांतल्या आणि वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सीचे मणी मोजून लावून पाहिले गेले. माणसाच्या माळेत १०४ मणी. चिंपांझीच्या माळेत तेच, त्याच क्रमाने. ऱ्हीसस माकडात एक मणी वेगळा. गव्हापर्यंत जावे तर सुमारे चाळीस मणी वेगळे, तरीही काम तेच. नोंदी नकलताना युगानुयुगे थोडाथोडा फरक पडत गेला, मात्र मूळ रजिस्टर एकच होते असा त्याचा अर्थ. उत्पत्तीच्या पुस्तकाविषयी विचारणाऱ्या तरुणांना आम्ही सांगतो की निर्मात्याने सर्व जीवसृष्टी एका घराण्याची केली असेल तर आपल्या श्रद्धेला त्यात धक्का बसण्यासारखे काय आहे? पोप पायस बारावे यांनी १९५० सालीच मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास करण्यास मोकळीक दिली होती. हा विषय मोठा आहे, पुन्हा केव्हातरी.

कमलाबाईंनी आपला प्रबंध चौदा महिन्यांत पुरा केला. पाने चाळीस! आजकाल प्रबंधाचे वजन किलोत सांगतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असे त्यांच्याविषयी सर्वत्र लिहिले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी त्याआधी, १९३१ साली, अमेरिकेतून डॉक्टरेट मिळविली होती, तेव्हा मान दोघींनाही द्यावा. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवीचे नुसते नाव देत असे. पदवीबरोबर येणारे विद्यापीठाचे सभासदत्व आणि हक्क स्त्रियांना मिळाले ते १९४८ साली. बंगळूर काय नि केंब्रिज काय.

तेथेच राहिल्या असत्या तर पुष्कळ पुढे गेल्या असत्या. परंतु त्या १९३९ साली परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. १९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या. माधवराव विमागणिती होते. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग निघाला, तेथे त्या प्राध्यापक झाल्या. बंगळूरला सुरू झालेला डाळींचा विषय येथे खऱ्या अर्थाने फळाला आला.

देश नुकताच स्वतंत्र झालेला, धान्याची टंचाई. गरीब माणसाला मांस, अंडी, दूध परवडत नाही, त्याचे प्रथिन म्हणजे डाळ. मग कमलाबाईंचा प्रश्न असा की डाळीत प्रथिन किती आहे हे तर कळते, पण त्यातले अंगी किती लागते?

आपण वरण खातो तेव्हा तुरीची माळ आपल्या पोटात जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. पचनसंस्था कात्रीने ती तोडते, मणी सुटे होतात, आणि मग आपले शरीर आपल्या रजिस्टरप्रमाणे ते पुन्हा ओवते. म्हणून तर तूर खाऊन कोणी तूर होत नाही. लहान आतड्यातल्या या कात्रीचे नाव ट्रिप्सिन, आणि ती स्वतःही एक प्रथिनच. काही कडधान्यांत निसर्गाने असे एक प्रथिन ठेवले आहे की जे या कात्रीच्या पात्यांत अडकून बसते आणि तिला चालू देत नाही. किडींनी दाणे खाऊ नयेत म्हणून झाडाने केलेली ती तजवीज. त्याला ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थ एकेक करून तपासले आणि कोणत्यात हा रोधक किती आहे ते १९५४ पासून प्रसिद्ध केले. वाल आणि डबल बी यांच्यातला रोधक त्यांनी स्फटिकरूपात वेगळा काढला. १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते काम छापून आले. मुंबईतल्या एका सरकारी संस्थेतून, वालाच्या दाण्यावर!

आता याचा आपल्याशी संबंध. हा रोधक नीट शिजवल्याने बहुतांशी निकामी होतो. डाळी भिजत घालून मऊ शिजवण्याची आपल्या आजीची रीत किती शहाणपणाची होती ते यावरून कळावे. पण सोयाबीन ही आजीच्या ओळखीची वस्तू नव्हे. लातूरच्या बाजारात आज तुरी-हरभऱ्याबरोबर सोयाबीनच्या राशी लागतात. त्यात प्रथिन शेकडा चाळीसच्या आसपास, तुरीच्या डाळीत बावीसच्या आसपास, म्हणून गुणकारी समजून काही भगिनी कच्चे सोयाबीन गव्हात टाकून दळून आणतात. सोयाबीनमध्ये हा रोधक भरपूर असतो. तव्यावर दोन मिनिटे भाजलेल्या पोळीत तो पुरता जाईलच असे नाही. मुलांची पोटे बिघडतात आणि दोष पिठाच्या गिरणीला जातो. सोयाबीन आधी चांगले उकळून, वाळवून मग दळावे.

दुसरी गोष्ट भाकरीची. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा मणी कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मिथिओनीन कमी, ते धान्यात बऱ्यापैकी. नुसती भाकरी खाल्ली तर लायसीन संपल्याबरोबर ओवणे थांबते. बरोबर वरण असले की माळ पुरी होते. यहेज्केल संदेष्ट्याच्या चौथ्या अध्यायात परमेश्वर त्याला गहू, सातू, कडधान्य, मसूर आणि बारीक धान्ये एका भांड्यात घालून भाकर करायला सांगतो. तो प्रसंग वेढ्यातल्या उपासमारीची खूण म्हणून आहे, पाककृती म्हणून नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी धान्य आणि कडधान्य एकत्र आलेले पाहून बरे वाटते. आपल्याकडे टंचाईच्या वर्षी ताटातून पहिल्यांदा जाते ती डाळच, आणि तीही बाईच्या ताटातून. तुरीचे भाव चढले की पुरुष आणि मुलगे जेवून उठल्यावर भांड्याच्या तळाशी जे पाणी उरते त्याला वरण म्हणायचे, हे आम्ही घरभेटींत पुष्कळदा पाहिले आहे. तुरीच्या जिल्ह्यात असे व्हावे!

कमलाबाईंनाही हीच चिंता होती असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड-शिंदीच्या झाडांचा न आंबलेला ताजा रस तो नीरा. त्यात लोह आणि जीवनसत्त्वे असतात, आणि नीरा आटवून केलेल्या गुळातही त्यांचा बराच भाग टिकतो, हे त्यांनी तपासून दाखविले. आदिवासी भागातील कुपोषित किशोरवयीन मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तो दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला असे.

विज्ञान संस्थेच्या संचालकपदाच्या त्या हक्कदार होत्या, तरी अंतर्गत राजकारणामुळे त्यांना चार वर्षे थांबावे लागले. मग त्या संचालक झाल्या. १९३३ साली ज्या मुलीला विज्ञानसंस्थेच्या दारात उभे राहावे लागले, तिच्या सहीने आता मुलामुलींचे प्रवेश होऊ लागले.

निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या कामात पडल्या. १९६६ साली मुंबईत स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या त्या क्रियाशील सभासद होत्या, १९८२-८३ साली अध्यक्षही. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी भेसळ आणि ग्राहकांची सुरक्षा यांवर पंचवीसहून अधिक लेख लिहिले. प्रयोगशाळेतली बाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसली म्हणायची. इकडे थोरल्या दुर्गाबाईंनी ‘खमंग’ नावाचे पाककृतींचे पुस्तक लिहिले होते. दोघी बहिणींची स्वयंपाकावर बोलणी होत असतील तेव्हा शेजारी बसून ऐकायला मिळाले असते तर, असे वाटते.

आमच्याकडे आलेले ते गृहस्थ सर्व ऐकून उठले. त्यांनी एवढेच विचारले की त्या बाईंच्या वडिलांनी मुलीला एकटीला बंगळूरला कसे राहू दिले. आमच्यापाशी याचे उत्तर नव्हते. नारायणराव स्वतः त्या संस्थेत शिकलेले होते, तेथली माणसे त्यांना ठाऊक होती, हे एक कारण असेल. आपल्या गावच्या वडिलांना तो आधार नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. तेव्हा बंगळूरच्या एका धर्मग्रामातले आमचे सेमिनरीतले सोबती आणि तेथल्या सिस्टरांचे वसतिगृह यांचे पत्ते आम्ही त्यांना लिहून दिले. असे पत्ते पुणे, मुंबई आणि हैदराबादचेही आमच्याजवळ आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी मिस्सानंतर ऑफिसात यावे.

कमलाबाई ऐंशी ओलांडल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तत्कालीन महासंचालक डॉ. सत्यवती यांनी त्यांना सत्कारासाठी दिल्लीला बोलाविले. बोलावणारी स्त्री होती, देशातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रमुख. सभागृह भरलेले होते. सत्कार चालू असतानाच कमलाबाई कोसळल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९९८ साली, त्यांचे निधन झाले.